तळ्याचा वाफसा

पहाटे ५

पाळीची सवय अंगातून गेली नाही. वेगवेगळ्या जलविद्युत केंद्रांत तीस वर्षं काढली, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी पाचच्या ठोक्याला डोळा उघडतो आणि पहिल्यांदा कान टवकारतात ते संचाच्या घरघरीसाठी. ती इथे नाही. भातकुलीत या वेळेला कोंबडा आरवतो, आदिनाथांच्या जैन मंदिराच्या बाजूने कुणीतरी रस्ता झाडत असतं आणि डिसेंबरच्या थंडीत गोठ्यातल्या गाईचा उसासासुद्धा ऐकू येतो.

चहा उकळेपर्यंत कालची वही उघडली. उद्या एका बैठकीत मला दहा मिनिटं मिळणार आहेत. विषय आमच्या तालुक्याचाच: निंभ्याजवळचं निम्न पेढी प्रकल्पाचं धरण आणि त्याच्या खाली पूर्णेला मिळेपर्यंत पेढीच्या पात्रात असलेले डोह. पाणी सोडण्याचे नियम ठरतील तेव्हा या डोहांचा विचार व्हावा, एवढंच मला मांडायचं आहे. हे धरण विजेसाठी नाही. पण धरणाखालचं पाणी कसं जगतं आणि कशाने मरतं, हे मला विजेच्या धरणांनीच शिकवलं. ते दहा मिनिटांत कसं सांगायचं, याची आजची दिवसभराची तयारी.

सकाळी ६:४५

उजाडता उजाडता शेतात. तुरीच्या शेंगा भरल्या आहेत, कपाशीची दुसरी वेचणी उरकत आली आहे. हरभरा वीतभर वर आला आहे, पानांवरच्या आंबीने पायजमा ओला होतो.

बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगतो. आमचा पट्टा खारपाणाचा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेली ही काळी, खोल, चिकण जमीन. खाली पाणी आहे, पण खारं. विहिरीचं पाणी पिकाला दिलं तर पिकाबरोबर जमीनही जाते, ती चोपण होते, तिचा निचरा बसतो. त्यामुळे इथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत मुरलेल्या पावसाच्या ओलीवर रब्बी काढत आला. आता शेततळी आली. पावसाचं गोडं पाणी अडवायचं आणि हरभरा फुलोऱ्यावर आला की एक पाणी द्यायचं, म्हणजे उत्पन्नात फरक पडतो.

माझं शेततळं तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. शेजारच्या शेतातला पुतण्या आणि मी ते दोघांत वापरतो. खोदताना तीन बाजू नेहमीसारख्या चढ्या ठेवल्या, चौथी मात्र मुद्दाम मंद उताराची केली. खोदकामवाला म्हणाला, जागा वाया जाते. जाते खरी. त्या उतारावर मी लोखंडी पट्टी रोवली आहे, सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेली. रोज सकाळी तिच्यावरचा आकडा वहीत उतरवायचा. आजचा आकडा १ मीटर ९४. गेल्या दहा दिवसांत तळं चार सेंटिमीटर उतरलं, तेही नुसत्या उन्हाने आणि वाऱ्याने.

या चार सेंटिमीटरमुळे उताराच्या बाजूला ओल्या चिखलाची पट्टी तयार झाली आहे. तिच्यावर आज दोन धोबी, एक तुतारी आणि झुडपाच्या कडेला दबून बसलेला एक पाणलावा दिसला. गेल्या वर्षी याच दिवसांत मोटार तीन दिवस आणि तीन रात्री सलग चालवली होती, पाणी हातभर खाली गेलं होतं. चिखल उघडा पडला, पण दुसऱ्या दिवशी दुपारीच वर पापडी धरली आणि चौथ्या दिवशी भेगा गेल्या. त्या पट्टीवर एक पक्षी उतरला नाही. फरक पाणी किती वेगाने उतरलं, यात होता.

वऱ्हाडात वाफसा म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. पाऊस पडून गेला की जमीन आधी लोण्यासारखी असते, पाय ठेवला तर ढेकूळ घेऊन वर येतो. मग काही दिवस ती बरोबर असते. ढेकूळ मुठीत दाबलं तर धरतं आणि टाकलं तर फुटतं. त्यानंतर ती दगड होते. तिफण चालवायची ती मधल्या दिवसांत. तळ्याच्या काठालाही असा वाफसा असतो. पाणी हळूहळू उतरतं तेव्हा तो काठाबरोबर रोज थोडा खाली सरकतो, त्याच्या मागोमाग किडे, गांडुळं, पाणगवत, बदकं, बगळे सरकतात. पाणी जागच्या जागी धरून ठेवलं तर वाफसा येतच नाही आणि एकदम ओढून घेतलं तर तो एका दिवसात संपतो.

सकाळी ७:४५

पेढीच्या डोहावर भोई दादाजी भेटले. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, पण जाळं अजून स्वतःच विणतात. त्यांच्या टोपलीत आज दोन मरळ, एक लहान वाम आणि मूठभर झिंगे होते.

मी विचारलं, धरण भरायला लागलं की डोहाचं काय होईल, तुम्हाला काय वाटतं?

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पानी येते का नाही येत, हा एक सवाल. कसं येते, हा दुसरा सवाल. हळूहळू आलं तर मासा चढते. एकदम आलं तर मासा भेते, अन खालतं वाहून जाते."

चढणीच्या माशांबद्दल ते बोलत होते. मृगात पहिला पूर आला, गढूळ पाणी शेतांच्या वासाने भरून खाली उतरलं की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, उथळ जागी अंडी घालतात. पहिला पूर हा त्यांच्यासाठी निरोप असतो. धरण मात्र नेमका पहिला पूर पोटात घेतं, कारण जूनमध्ये ते रिकामं असतं आणि भरायची घाई असते. खाली नदीत पाणी येतं ते धरण भरल्यावर, श्रावण-भाद्रपदात, दरवाजे उघडल्यावर. तोवर माशांचा हंगाम निघून गेलेला असतो. वर्षभरात नदीला मिळालेलं पाणी मोजलं तर आकडा चांगला दिसेल, पण डोहात पिल्लं सापडणार नाहीत.

दादाजींनी झिंगे माझ्या रुमालात बांधून दिले. पैसे घेतले नाहीत.

सकाळी ९

घरी येऊन धरणसाठ्यांचा रोजचा तक्ता उघडला. अप्पर वर्धा, उपयुक्त साठवण क्षमता ५६४.०५ दलघमी. हे धरण मोर्शीजवळ सिंभोऱ्याला, अमरावती शहर त्याचंच पाणी पितं. अकोल्याकडचं काटेपूर्णा, ८६.३५ दलघमी. सातपुड्याच्या पायथ्याला वारी भैरवगडजवळचं वान, म्हणजे हनुमान सागर. त्याच्या पायथ्याशी दीड मेगावॅटचं छोटं वीजगृह आहे. एक दलघमी (दशलक्ष घनमीटर) म्हणजे शंभर कोटी लिटर. तक्त्यात आजचा साठा असतो, टक्केवारी असते, गेल्या वर्षी याच दिवशी किती होता तेही असतं. शेतकऱ्याला, शहराला, वीजवाल्याला हे पुरतं.

मी वहीत आणखी एक रकाना आखून घेतला आहे: पातळी काल किती उतरली, सेंटिमीटरमध्ये. तळ्याला तोच समजतो. धरण सत्तर टक्के भरलेलं आहे की साठ टक्के, याच्याशी काठावरच्या पाणलाव्याला काही घेणं नाही. काठ आज कुठे आहे आणि उद्या कुठे असेल, एवढ्यावर त्याचं पोट चालतं.

वीजवाला मात्र पातळीकडे दुसऱ्या कारणाने बघतो. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंचीवरून खाली आणलं तर फार तर पाव युनिट वीज मिळते. हिशोब इतका कंजूष असल्यामुळे उंचीचा प्रत्येक मीटर मोलाचा. धरण शक्य तितकं भरलेलं ठेवायचं आणि मागणी चढेल त्या घटकेला पाणी सोडायचं, हा त्याचा धर्म. पूर सांभाळणाऱ्याला पावसाळ्यात तेच धरण थोडं रिकामं हवं असतं, कालव्यावरच्या शेतकऱ्याला डिसेंबर ते मार्च पाळीपाळीने पाणी हवं असतं. या सगळ्यांचं एकमत करायला जलाशयाची परिचलन सूची असते, कोणत्या तारखेला पातळी किती असावी ते सांगणारी. मी नोकरीत अशा सूच्या पुष्कळ वापरल्या. त्यांत धरणाच्या आतल्या पाण्याची तारीखवार पातळी काटेकोर असे, पण खाली सोडलेल्या पाण्याच्या चढ-उताराबद्दल ओळही नसे.

सकाळी ११:३०

शाळेत आठवीचा तास. गुरुजींनी भूगोलावर बोलायला बोलावलं होतं. नकाशावर यांगत्से नदी शोधायला मुलांना पाच मिनिटं लागली, थ्री गॉर्जेस धरण सापडायला आणखी दोन. त्याच्या खाली पोयांग तलाव, चीनमधलं गोड्या पाण्याचं सर्वांत मोठं तळं. पावसाळ्यात ते तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरतं आणि हिवाळ्यात आकसून चिखल आणि गवताची मैदानं मागे ठेवतं. जगात उरलेले सायबेरियन क्रौंच जवळजवळ सगळे हिवाळ्यात तिथे उतरतात, उथळ पाण्यात चोच खुपसून पाणगवताचे कंद खणून खातात. पाणी खोल असलं तर चोच पोचत नाही. लवकर आटलं तर जमीन टणक होते.

थ्री गॉर्जेसमध्ये २००३ पासून पाणी साठू लागलं, २०१० मध्ये ते पहिल्यांदा १७५ मीटरच्या पूर्ण पातळीला पोचलं. धरण भरायचे महिने सप्टेंबरपासूनचे. नेमक्या त्याच वेळी खाली यांगत्सेची पातळी घटते आणि पोयांगचं पाणी नदीत लवकर ओढलं जातं. तळ्याचा कोरडा काळ अलीकडे आला. २०२२ मध्ये दुष्काळही पडला आणि ऐन उन्हाळ्यात तळ्याचा तळ दिसला.

पण तेवढंच सांगितलं असतं तर ते अर्धसत्य झालं असतं, म्हणून पुढचंही सांगितलं. या शतकाच्या सुरुवातीपासून पोयांगच्या तोंडाशी रेतीचा प्रचंड उपसा झाला, तोंड खोल झालं आणि पाणी त्या वाटेनेही जास्त निसटू लागलं.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मग दोष धरणाचा का रेतीवाल्याचा?"

पूर्णेकाठच्या मुलाने हे विचारावं, यात नवल नाही. रात्रीचे ट्रॅक्टर त्यानेही पाहिले आहेत. मी म्हटलं, दोघांचा, आणि पाऊस कमी झाला त्याचाही. किती कुणाचा हे मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून मोजायला शिका. मग मुलांना शेततळ्याची वही दाखवली. चार जणांनी उद्यापासून आपापल्या शेतात काठी रोवायचं कबूल केलं.

दुपारी १

भाकर, तुरीच्या सोल्याची भाजी, सकाळचे झिंगे. जेवून अर्धा तास पडलो.

दुपारी २:३०

जुन्या सहकाऱ्याचा फोन. तो अजून नोकरीत आहे. म्हणाला, "साहेब, आता दुपारी आम्हाला कुणी विचारत नाही आणि संध्याकाळी दम घेऊ देत नाही."

कारण सौर वीज. दुपारी ती मुबलक असते, शेतीचे पंपही आता बरेच दिवसा चालू लागले. सूर्य कलला की ती सगळी वीज झपाट्याने जाते, त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही, गिरण्या सुरू होतात. औष्णिक केंद्राला भार चढवायला तास लागतात, पाण्याच्या संचाला काही मिनिटं. त्यामुळे संध्याकाळची खिंड लढवायची जबाबदारी धरणांवर येते आणि सौर वीज वाढेल तशी ती वाढतच जाणार आहे. मी सौर विजेच्या बाजूचा माणूस आहे. पण तिची संध्याकाळची किंमत धरणाखालची नदी भरते, हे बोललं गेलं पाहिजे.

फोन ठेवल्यावर ती एप्रिलची संध्याकाळ पुन्हा समोर आली. वीजगृहाचं नाव सांगत नाही. मी पाळीवर होतो. दिवसभर दोन्ही संच बंद होते, खाली पात्रात वाळूचं बेट उघडं पडलं होतं. पावणेसातला आदेश आला: संच घ्या. घेतले. शून्यावरून पूर्ण भार, दहा-बारा मिनिटांत. भोंगा वाजवला होता, पात्रात माणूस नव्हता, नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. नोंदवहीत वेळ लिहिली, सही केली.

सकाळी पाळी संपवून खाली गेलो तेव्हा एक कोळी काठावर बसला होता. त्याने बोट दाखवलं. बेटावर नदी सुरयांची वसाहत होती. हे पक्षी घरटं बांधत नाहीत, वाळूत उथळ खळगा करून दोन-तीन अंडी घालतात, वाळूच्याच रंगाची. फेब्रुवारीपासून मेपर्यंत नदी उतरलेली असते, या भरवशावर हजारो वर्षं त्यांचं चाललं आहे. आदल्या संध्याकाळी दीड हात पाणी त्या बेटावरून गेलं होतं. अंडी काठच्या लव्हाळ्यात अडकली होती, काही फुटलेली, काही तशीच. पक्षी वर ओरडत फिरत होते.

मी किती वर्षं तसेच संच घेत होतो, किती बेटं अशी धुतली असतील, याचा हिशोब माझ्याकडे नाही आणि मला तो कधी मिळणारही नाही. त्यानंतर मी साहेबांना एक साधी गोष्ट लिहून दिली. फेब्रुवारी ते मे या काळात एक संच दिवसभर मंद चालू ठेवावा, म्हणजे बेटाचा खालचा भाग आधीच पाण्यात राहील, पक्षी वरच्या भागावर अंडी घालतील. संध्याकाळी भार चढवताना टप्प्याने चढवावा. दिवसभराचं पाणी तेवढंच, युनिटं थोडी कमी, कारण मंद चालवलेला संच पाण्याचं पुरेपूर मोल देत नाही. संध्याकाळच्या महाग विजेतलीही थोडी दुपारी गेली असती. पत्राचं उत्तर आलं नाही. माझी बदली झाली, ती नेहमीची बदली होती.

दुपारी ४:१५

पुतण्या आला. मी कुणासाठी पाणी मागणार आहे, हे गावात पसरलं होतं.

"काकाजी, खरं का? आमच्या हरभऱ्याले पानी भेटत नाही, अन तुमी बदकायले मागता?"

हा प्रश्न मला उद्या बैठकीतही विचारला जाणार आहे, आणि तो रास्त आहे. या धरणासाठी अळणगाव, कुंड सर्जापूरसारख्या गावांनी आपली घरं, आपलं गावठाण सोडलं. पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशोब मागायचा पहिला हक्क त्या लोकांचा आहे, मग कालव्याची वाट पाहणाऱ्याचा. पक्ष्यांचं प्रेम मनात आहे म्हणून मी यांच्या ताटातून काही उचलू शकत नाही.

मी त्याला म्हटलं, जास्तीचं मागत नाही. नदीला जे सोडणारच आहेत ते पायरीपायरीने सोडा, आणि तोडतानाही पायरीपायरीने तोडा, एवढंच.

"अन कालव्यालेही पायरीनं? मंग आमच्या टोकाले पानी पोचीन कवा? पहिले दोन दिवस तं वरचेच घेतेत. फुलोऱ्यात दोन दिवस मागं-पुढं झालं तं घाटा भरत नाही."

मी गप्प झालो. माझ्या टिपणात 'सर्व विसर्ग टप्प्याने' असं लिहिलेलं होतं. कालव्याचा विचार मी केलाच नव्हता, कारण मी आयुष्यभर नदीच्या तोंडाला बसलो, कालव्याच्या शेपटाला कधी नाही. शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी भरघोस आणि एकदम हवं असतं, मंद सोडलेलं पाणी वाटेतच संपतं. त्याच्यासमोरच ते वाक्य खोडलं आणि 'नदीपात्रातील विसर्ग' असं केलं. कालवा त्यातून बाहेर.

मग आम्ही शेततळ्यावर गेलो. गेल्या वर्षीच्या भेगा त्याला आठवत होत्या. त्याला एक गोष्ट मात्र पटवता आली, ती पक्ष्यांची नव्हती. आपल्या जमिनीला सलग पाणी बसलं की खालचं मीठ वर येतं, पांढरा थर धरतो. म्हणजे पाणी किती याच्याइतकंच ते कधी आणि कसं, हे खारपाणातल्या हरभऱ्यालाही लागू आहे. तो म्हणाला, "ते तं आहेच." बदकांबद्दल काही बोलला नाही. मोटार मात्र त्याला आजच लावायची होती, आणि लावली.

संध्याकाळी ५:३०

गावाबाहेरचा पाझर तलाव. सूर्य गव्हाच्या शेतामागे टेकला होता. चाळीसेक थापटे बदक चोची पाण्यात बुडवून गोल फिरत होते, पाच-सहा तलवार बदकं, हळदी-कुंकवाची एक जोडी. वारकऱ्यांचा काळा थवा मधोमध. काठाच्या चिखलात शेकाटे लाल पाय उचलून चालत होते. दूरवर चित्रबलाक एकटा उभा.

वीस मिनिटं मोजलं आणि वहीत उतरवलं. थंडी वाजू लागली.

रात्री ८

टिपण पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.

सुरुवात लोकटाकने केली. मणिपूरच्या या तळ्यावर तरंगती बेटं असतात, फुमदी म्हणतात त्यांना: मुळं, कुजलेला पाला आणि माती यांची जाड गादी. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायची, मुळं मातीतून जेवण घ्यायची, पावसाळ्यात पुन्हा तरंगायची. १९८३ मध्ये इथाई बंधारा झाला, १०५ मेगावॅटच्या वीज प्रकल्पासाठी तळ्याची पातळी वर्षभर उंच धरून ठेवली गेली. तेव्हापासून फुमदीला टेकायला तळ मिळत नाही, ती पातळ होत चालली. तिच्यावर संगाई हरीण राहतं, जगात दुसरीकडे कुठेही रानात न उरलेलं. त्याचे खूर आता गादीतून खाली जातात. १९९० मध्ये लोकटाक आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणजे रामसर स्थळ झालं आणि १९९३ मध्ये धोक्यातल्या पाणथळींच्या माँत्रो नोंदवहीत त्याचं नाव गेलं. पोयांगला पाणी लवकर आटून त्रास झाला, लोकटाकला ते न आटल्यामुळे. बैठकीतल्या कुणालाही मी एकच शब्द सांगणार: दोन्हीकडे काठाचा वाफसा मोडला.

मग आपल्याकडचं. नाशिकच्या निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर २०१९ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. ते मुळात इंग्रजांच्या काळातल्या बंधाऱ्याने गोदावरी आणि कादवेच्या संगमावर साठलेलं पाणी. म्हणजे बंधाऱ्यामुळेही चांगली पाणथळ होऊ शकते. पण वर गंगापूर, दारणा अशी धरणं आहेत, त्यांतून आवर्तन सुटलं की पातळी चढते, कालवे सुरू झाले की उतरते. तिथल्या पक्ष्यांचा हिवाळा या वेळापत्रकावर अवलंबून आहे.

विदर्भातलं मोठं जलविद्युत केंद्र पेंचवर तोतलाडोहला, १६० मेगावॅटचं, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राचं सामाईक. वीज करून आलेलं पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात थांबतं, मग कालव्यांना आणि नागपूर शहराला जातं. संध्याकाळचा झटका ते खालचं धरण पचवतं. कोयनेचं मुख्य पाणी डोंगर ओलांडून पश्चिमेला जातं, पण धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून नदीत २,१०० क्युसेक सोडता येतं, आणि उन्हाळ्यात सांगलीकडच्या सिंचनासाठी तेच सोडतात. वीज आणि नदी एकाच पाण्यावर जगू शकतात, हे राज्यातच दिसतं. थ्री गॉर्जेसमधूनही २०११ पासून मे-जूनमध्ये काही दिवस विसर्ग मुद्दाम रोज थोडा वाढवत नेतात, खालच्या कार्प माशांच्या विणीसाठी. एवढं मोठं धरण माशांसाठी आपलं वेळापत्रक हलवू शकतं, तर पेढीवरचं का नाही?

पेढीसाठी मी चार गोष्टी मागितल्या. जूनमधला पहिला पूर पूर्ण अडवू नये, त्यातला काही भाग तसाच खाली जाऊ द्यावा, गढूळ असताना. नदीपात्रात पाणी सोडताना आणि बंद करताना पहिल्या डोहापाशी पातळी तासाला चार बोटांपेक्षा जास्त हलू नये. पुराच्या धोक्याची वेळ अर्थातच याला अपवाद. उन्हाळ्यात डोह एकमेकांपासून तुटले तरी आटू नयेत इतकी धार महिन्यातून काही दिवस द्यावी. आणि डोहावर मोजपट्टी बसवून तिची नोंद धरणाच्या तक्त्याशेजारी रोज छापावी. चार बोटं हा माझा अंदाज आहे. दोन हंगाम मोजल्यावर तो तीन होईल किंवा सहा, पण मोजायला सुरुवात तर व्हावी.

शेवटचा कागद लिहिताना वलगावचा पूल आठवला. गाडगेबाबांनी १९५६ च्या डिसेंबरात त्याच पेढीकाठी डोळे मिटले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पुण्यतिथीला लोक खराटे घेऊन तिथे जमतील आणि पुलाखालचं पात्र झाडतील. या पात्रात त्या दिवशी पाणी असावं, असं मला फार मनापासून वाटतं. ते टिपणात लिहिलं नाही. तोंडाने सांगेन.

रात्री ९:४०

कागद पिशवीत घातले. अंगावर घोंगडं घेऊन बाहेर आलो तेव्हा शेताकडून मोटारीचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तो थांबला. फोन वाजला.

"काकाजी, बंद केली. रातभर नाही ठेवत. किती उतरलं ते पाहून घ्या, तुमची वही खाली नको राहाले."

टॉर्च घेऊन तळ्यावर गेलो. पट्टी ओली होती, पुसून वाचावी लागली. १ मीटर ८६.

आठ सेंटिमीटर, पाच तासांत. वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. उताराच्या बाजूला चिखल सकाळी काय करतो ते पाहायचं होतं.